मागच्या चाकांचा हिशेब

निस्सान कंपनीने १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आणि लगेच पुढल्या वर्षी अमेरिकेत ‘डॅटसन २४० झेड’ या नावाने जी दोन आसनी मोटार विक्रीस आणली, तिच्या लांबट नाकाची, सहा सिलिंडरांच्या एंजिनाची आणि ३,५२६ डॉलर या त्या काळी अविश्वसनीय वाटलेल्या किमतीची कैफियत मोटारशौकिनांच्या वर्तुळात इतक्या वेळा मांडली गेली आहे की, तिच्या मागच्या चाकांत दडलेल्या दोन ड्रमांकडे पाहण्यास फारशी कोणाला सवड झालेली नाही. आज ही गाडी पन्नाशी ओलांडून गेली आहे. कॅलिफोर्नियात, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात ती जिवापाड जपणारे लोक आहेत. आणि गाडी हाती आली, रंगरंगोटी झाली, एंजिन गुणगुणू लागले की मागचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवावी, असा जणू एक शिरस्ताच या मंडळींत पडून गेला आहे. ड्रम म्हणजे जुनाट आणि डिस्क म्हणजे प्रगत, हे समीकरण इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची रुजवात घालण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती घालण्याचा प्रयत्न केला आहे. कारण मागच्या ब्रेकाच्या बाबतीत ‘जास्त’ आणि ‘चांगला’ या दोन गोष्टी एक नाहीत, आणि ज्याला हा भेद उमगला नाही त्याच्या हातून सुधारणेच्या नावाखाली गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक होण्याचा संभव असतो.

गाडीचा तपशील प्रथम पाहू. एंजिन २,३९३ घन सेंटिमीटरचे, वजन हजार किलोंहून थोडे अधिक, पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर २,३०५ मिलिमीटर, चाके चौदा इंची. पुढे सुमारे २७१ मिलिमीटर व्यासाची डिस्क, आणि मागे नऊ इंची, म्हणजे २२८.६ मिलिमीटरचे ड्रम. हे ड्रम सामान्य ओतीव लोखंडाचे नव्हेत. बाहेरचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे, त्याला उष्णता चटकन सोडून देण्यासाठी पंखांसारख्या कडा, आणि आत लायनर जेथे घासतो तेथे लोखंडी कडे, अशी त्यांची विचारपूर्वक केलेली रचना आहे. पुढे २६० झेड आली, २८० झेड आली, एंजिन वाढत गेले, तरी मागचे ड्रम कायम राहिले. १९७८ साली आलेल्या २८० झेडएक्स या सर्वस्वी नव्या आवृत्तीत मात्र चारही चाकांना डिस्क मिळाली. सुमारे नऊ वर्षे कारखान्याने जी व्यवस्था चालू ठेवली तिच्यामागे केवळ काटकसर होती असे म्हणणे सोपे आहे. काटकसर होतीच, पण तेवढीच नव्हती.

डिस्क ब्रेकाची कल्पना तशी ड्रमाइतकीच जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट मिळवले होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रमाची रचना सिद्ध केली, आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमानेच राज्य केले. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या लक्षात आले की ही गाडी वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक लावते आणि पहाटेपर्यंत तिचे ब्रेक जसेच्या तसे लागतात. दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या डीएस या घरगुती मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क दिली. पुढच्याच चाकांना का, या प्रश्नात आपल्या विषयाचे सगळे मर्म साठवलेले आहे.

त्यासाठी ड्रम काम कसा करतो हे समजून घेणे अवश्य आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमाच्या पोटात दोन चंद्राकार शू असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरात पोचतो, शू बाहेर ढकलले जातात आणि त्यांच्या पाठीवरचे लायनर ड्रमाला घासतात. या घर्षणाने पुढचा शू ड्रमाच्या फिरण्याच्या दिशेने ओढला जाऊन आणखी घट्ट रुततो; म्हणजे चालकाच्या पायाने जेवढा जोर दिला त्यात चाक स्वतःच भर घालते. थोड्या दाबात पुष्कळ काम हा ड्रमाचा गुण यातूनच येतो, आणि त्याचा दोषही यातूनच. घर्षण वाढले तर परिणाम त्याहून अधिक वाढतो, घटले तर त्याहून अधिक घटतो. रात्रभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे चाक सकाळच्या पहिल्या ब्रेकाला एकदम पकडते, आणि लांब उतारावर तापलेला ड्रम ऐन वेळी दगा देतो, ही दोन्ही एकाच स्वभावाची रूपे आहेत. शिवाय ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्या हवेत फिरते, पाणी झटकन झटकते, तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच सरकते. तिचे वागणे संथ आणि एकमार्गी.

एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की मग चारही चाकांना डिस्क का नको? याचे उत्तर वजनाच्या हिशेबात आहे. पालखी घाटाच्या उतारास लागली म्हणजे पुढच्या भोयांच्या खांद्यांवर भार येतो आणि मागच्यांचे खांदे हलके होतात. ब्रेक लावलेल्या गाडीचीही सपाट रस्त्यावर तीच अवस्था होते. चालकासह गाडीचे वजन अकराशे किलो, ते उभ्या स्थितीत पुढे-मागे समसमान, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंटिमीटरवर असे धरून चालू. हलका ब्रेक लावला, म्हणजे गुरुत्वाच्या तीन दशांश इतक्या वेगाने गाडी मंदावू लागली, तर सुमारे सत्तर किलो भार मागून पुढे सरकतो, आणि मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या ४४ टक्के उरतात. आठ दशांशाने मंदावली तर भार सरकतो १८३ किलो, आणि मागे उरतात ३३ टक्के. उत्तम टायरांवर, कोरड्या रस्त्यावर, गुरुत्वाइतक्याच वेगाने मंदावली तर मागे २९ टक्क्यांहून अधिक काही राहत नाही. ज्या चाकावर भार नाही त्याला रस्त्याची पकड नाही. आणि पकड नसलेल्या चाकाला जोरदार ब्रेक लावला तर ते फिरणे सोडून फरफटू लागते.

पुढची चाके फरफटली तर गाडी सुकाणू ऐकेनाशी होते, पण नाकासमोर सरळ जाते. चालकाने पेडल किंचित सैल केले की चाके पुन्हा फिरू लागतात. मागची चाके आधी फरफटली तर त्यांची आडवी पकड नाहीशी होते, आणि गाडीचा मागचा भाग पुढे येण्याची धडपड करू लागतो. हा प्रकार सावरण्यास मिळणारा अवधी बहुतेकांच्या कौशल्यापेक्षा तोकडा असतो. म्हणूनच नेहमीच्या जोराच्या मर्यादेत पुढची चाके मागच्यांच्या आधी अडकली पाहिजेत असा दंडक युरोपीय नियमावलीनेही घालून दिला आहे. यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. जुन्या गाडीला आजचे चिकट, रुंद टायर बसवले की ती अधिक वेगाने मंदावू शकते, म्हणजे अधिक भार पुढे सरकतो, म्हणजे मागच्या ब्रेकाचा न्याय्य वाटा पूर्वीपेक्षा कमी होतो. टायर सुधारले म्हणून मागचा ब्रेकही बळकट करावा, असे सकृद्दर्शनी वाटते. हिशेब मात्र उलट दिशेने बोट दाखवतो. गाडी खाली बसवून गुरुत्वमध्य उतरवला असेल तर त्यात थोडी सवलत मिळते, एवढेच.

सुधारणेआधी आहे तो ब्रेक तपासावा, याचे प्रत्यक्ष दर्शन घडले ते सॅन होजे शहराच्या एका उपनगरात, मूळच्या सांगलीकर अशा एका निवृत्त अभियंत्याच्या घरामागील गॅरेजात. त्यांची गाडी १९७२ ची. शिक्षणासाठी तेथे आलेला त्यांचा भाचा गाडीच्या मागच्या भागाखाली घोड्या लावून बसला होता, आणि त्याचा उत्साह स्वाभाविकपणे नव्या सामानाच्या बाजूने होता.

“मामा, या ड्रमांत वेळ कशाला घालवायचा? डिस्कचं किट मागवू या, शनिवार-रविवारात बसवून टाकू.”

“मागवू की. पण आहे तो ब्रेक का लागत नाही, हे कळलं नाही तर नवाही लागणार नाही. आधी उघड तरी.”

हँडब्रेक सोडलेला होता, तरी ड्रम हलेना. ड्रमाच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो, असे चतकोर चतकोर फिरवीत गेले की ड्रम स्वतःला हबवरून ढकलून बाहेर काढतो. तो निघताच मामांनी हवेच्या नळीकडे गेलेला भाच्याचा हात अडवला आणि ओले फडके पुढे केले. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि ती धूळ उडवणे म्हणजे फुप्फुसांशी वैर पत्करणे. फडक्याने पुसून काढल्यावर जे दिसले ते बोलके होते. एका शूचा लायनर झिजून पातळ झालेला आणि काचेसारखा चकचकीत. दुसरा जवळजवळ कोरा. या गाडीच्या व्हील सिलिंडरात पिस्टन एकच असतो. तो एका शूला ढकलतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सिलिंडर स्वतः मागच्या पत्र्यातील खाचेत सरकून दुसऱ्या शूला रेटतो. येथे ती खाच गंजून सिलिंडर जागच्या जागी जखडला होता. रबरी टोपीची कड नखाने उचलताच आतून ब्रेक ऑइलचा ओलावा बोटाला लागला.

“म्हणजे मागे एकच शू काम करत होता, मामा?”

“होय. आणि नावं आपण ड्रमला ठेवत होतो.”

पुढचे काम कष्टाचे असले तरी गूढ नव्हते. खाच घासून स्वच्छ केली, उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बेताने लावले, व्हील सिलिंडर नवे घातले, रबरी नळ्या बदलल्या. ड्रम लेथवर देण्यापूर्वी त्याचा आतला व्यास मोजून, अंगावर ओतलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहिला. कारण त्या मर्यादेपलीकडे कातलेला ड्रम पातळ होऊन लवकर तापतो. नवे लायनर ड्रमाच्या गोलाईशी जुळवून घासून घेतले, नाही तर ते टोकाला किंवा मधेच टेकतात आणि महिनोन् महिने अर्धेच काम करतात. शेवटी हँडब्रेक पुनःपुन्हा ओढून आतला अ‍ॅडजस्टर दात्यादात्याने पुढे सरकू दिला, आणि चारही चाकांच्या ब्रेक-नळ्यांतील एअर काढली. पेडल वर आले, घट्ट झाले. किट मागवण्याची भाषा त्या दिवसापुरती तरी थांबली.

तरीही भाच्याचा मूळ प्रश्न उरतोच: उत्तम अवस्थेतील ड्रमापेक्षा डिस्क किती पटीने बलवान? आकडेमोड करून पाहू. नऊ इंची ड्रम, सात अष्टमांश इंची, म्हणजे २२.२ मिलिमीटरचा व्हील सिलिंडर. त्याचे क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर. शूच्या स्वतः रुतण्यामुळे मिळणारी वाढ सव्वादोन पट धरली, ड्रमाची त्रिज्या ११.४ सेंटिमीटर घेतली, तर गुणाकार येतो सुमारे ९९. आता डिस्क घ्या. कॅलिपरचा पिस्टन ३८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ११.३४ चौरस सेंटिमीटर, घर्षणांक ०.३८, पॅड दोन, म्हणून ०.७६ ने गुणायचे; परिणामकारक त्रिज्या ११ सेंटिमीटर. गुणाकार येतो सुमारे ९५. म्हणजे एवढा खर्च आणि खटाटोप करून तोच दाब दिला असता गाडीला जोर मिळतो तो जवळजवळ तेवढाच. लाभ आहे तो सातत्याचा. तापून घर्षण पाचव्या हिश्श्याने घटले तर डिस्कचा जोर पाचव्या हिश्श्यानेच घटतो. ड्रमाचा त्याहून पुष्कळ अधिक. ज्याला हे सातत्य हवे आहे त्याने डिस्क अवश्य घ्यावी. ज्याला केवळ ‘जोर’ हवा आहे त्याने ते पैसे टायरांवर खर्च करावेत.

सातत्याची गरज कोणाला, हेही उष्णतेच्या हिशेबाने ठरते. अकराशे किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४२४ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. वेग दुप्पट असेल तर चौपट. गावातल्या वाहतुकीत ही उष्णता दोन थांब्यांच्या मध्ये वाऱ्यावर उडून जाते. शर्यतीच्या मैदानावर, दर मिनिटाला दोनदा-तीनदा असा ब्रेक लावणाऱ्याच्या ड्रमाला तो अवकाश मिळत नाही. काही हौशी मंडळी या गाडीत अमेरिकन व्ही-८ एंजिन बसवतात. त्यांचा वेगच निराळा, म्हणून त्यांची उष्णताही निराळी. या दोन वर्गांसाठी डिस्क हा चैनीचा विषय राहत नाही.

त्यांनीही ती सुटी वस्तू म्हणून बसवू नये. मागच्या ब्रेकाला हात लावणे म्हणजे पेडलापासून चाकापर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेची फेरतपासणी करणे होय. या गाडीच्या पुढच्या खुंट्यांवर टोयोटाच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनांचे कॅलिपर बसतात, हे तिच्या चाहत्यांना फार पूर्वी गवसले. मागे २८० झेडएक्सचे किंवा निस्सानच्याच २४० एसएक्सचे कॅलिपर कंस करून लावतात. पण कॅलिपर मोठे झाले की त्यांना ब्रेक ऑइलही अधिक लागते आणि पेडल खोल जाते. म्हणून मास्टर सिलिंडर सात अष्टमांश इंचाऐवजी पंधरा सोळांश इंचाचा घालतात. क्षेत्रफळ सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. पेडल तेवढे वर येते, आणि पायाला जोरही तेवढाच अधिक द्यावा लागतो. येथे फुकट काही मिळत नाही. दुसरी गोष्ट, ड्रमाच्या व्यवस्थेत नळीत किंचित दाब राखून ठेवणारी एक बारीकशी झडप पुष्कळ ठिकाणी असते, व्हील सिलिंडरचे कप आत दबून हवा ओढू नयेत म्हणून. डिस्क बसवताना ती काढण्याचे विसरले तर पॅड डिस्कला अखंड घासत राहतात, आणि ज्या उष्णतेपासून सुटका हवी होती ती घरबसल्या निर्माण होते.

हँडब्रेक हा या प्रकरणातला सर्वांत उपेक्षित कारभारी. ड्रमाचा हँडब्रेक चढावर गाडी निमूटपणे धरून ठेवतो. डिस्कच्या कॅलिपरमधील हँडब्रेक तरफ आणि स्क्रू यांच्या जोरावर चालतो, आणि केबलचा कोन थोडा चुकला तरी तो नावापुरताच उरतो. अशा कॅलिपरचा पिस्टन पॅड बदलताना सांडशीने दाबून आत जात नाही. तो फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, आणि ही माहिती नसलेल्या कारागिराच्या हातून आतली यंत्रणा मोडते. वजनाचाही विचार व्हावा: मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा ड्रम हलका, लोखंडी डिस्क, कॅलिपर आणि कंस मिळून बहुधा त्याहून जड, आणि ते वजन स्प्रिंगांच्या खाली, जेथे प्रत्येक ग्रॅम खड्ड्याखड्ड्याला जाणवतो.

उरली ती दाबाची वाटणी. मागच्या नळीत बसवायची, हाताने कमी-अधिक करता येणारी झडप बाजारात मिळते. एका ठरावीक दाबापर्यंत ती काही करीत नाही. त्यापुढे मात्र मागे जाणाऱ्या दाबाची वाढ रोखून धरते, म्हणजे जोराच्या ब्रेकात मागचा वाटा आपोआप घटतो. दाब वाटणारी मूळची झडप जागेवर असताना ही दुसरी तिच्यामागे जोडू नये. एका कामावर दोन अंमलदार नेमले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आणि पुढच्या नळीत तर ती कधीच नको. बसवल्यावर तिची परीक्षा निर्मनुष्य, सपाट, कोरड्या रस्त्यावर, आधी कमी वेगात घ्यावी. एकाने चालवावे, दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून कोणते चाक आधी अडकते ते पाहावे. ओल्या रस्त्यावरची परीक्षा फसवी ठरते, कारण तेथे गाडी मंदपणे मंदावते, मागे भार पुष्कळ राहतो आणि सगळे सुरळीत आहे असे वाटते. तसेच पेट्रोलची साठ लिटरची टाकी मागे असल्यामुळे भरल्या टाकीने घेतलेली परीक्षा उदार असते. टाकी जवळजवळ रिकामी आणि गाडीत चालक एकटा, ही कठोर परीक्षा. तिच्यात पुढची चाके आधी अडकली, तर थोडी शिल्लक राखून झडप तेथेच कायम करावी.

या गाडीच्या कीर्तीचा आधार घेऊन कोणी ड्रमाची किंवा डिस्कची तरफदारी करू नये. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली २४० झेडने १९७१ साली एडगर हेरमनच्या हाती जिंकली, आणि १९७३ साली शेखर मेहता या युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या केनियन चालकाच्या हाती. त्या दुसऱ्या वेळी मेहता आणि हॅरी केल्स्ट्रम यांचे दंडगुण समसमान झाले, आणि मेहताला विजयी घोषित करण्यात आले. पुढे तो ही रॅली आणखी चार वेळा जिंकला. परंतु त्या गाड्या कारखान्याने खास सज्ज केलेल्या होत्या, त्यांच्यामागे कारागिरांची फौज होती, आणि चिखल-धुळीच्या वाटेवर मागची चाके घसरवणे हा चालकाच्या कलेचाच एक भाग होता. महामार्गावर कुटुंबासह जाणाऱ्याने तेथून ब्रेकाचा धडा घेणे उचित नव्हे.

आपल्याकडे २४० झेड विरळा. पण प्रश्न परका नाही. चारही चाकांना ड्रम असलेली प्रीमियर पद्मिनी खंडाळ्याच्या घाटातून उतरवताना खालच्या गियरात ठेवण्याची सवय ज्या पिढीच्या अंगी मुरली होती, तिला तापलेल्या लायनरचा वास ठाऊक होता. आज त्या गाड्या जपणाऱ्यांपैकी ज्यांना फेरफार करण्याची उमेद आहे त्यांनी कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास प्रतिबंध केला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी कसोशीने व्हावी असा निर्णय दिला. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ साली स्वतंत्र नोंदणीची तजवीज झाली, ती देखील वाहन मूळ स्वरूपात राखल्याच्या अटीवर. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

सारांश, कामाचा क्रम असा असावा: प्रथम आहे त्या ड्रमाची संपूर्ण दुरुस्ती, त्याबरोबर ताजे ब्रेक ऑइल, शक्यतो डॉट ४ जातीचे, ज्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो पण जे हवेतील ओलावा शोषून जुने झाले की १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे, मग उत्तम लायनर आणि उत्तम टायर, मग पुढच्या ब्रेकाची सुधारणा. एवढे झाल्यावरही मैदानावर ड्रम तापून थकत असेल, तरच मागची डिस्क, आणि तीही मास्टर सिलिंडर, दाबाची झडप व हँडब्रेक यांचा एकत्रित विचार करूनच. या क्रमात पहिल्या पायरीवरच थांबलेल्यांची संख्या मोठी असेल, असा माझा अंदाज आहे; आणि त्यांनी आपण काही गमावले असे मानण्याचे कारण नाही, कारण उरलेले पैसे ज्या पुढच्या चाकांना खरोखर काम करावे लागते त्यांच्यावर खर्च करता येतात.